कर्ता कोठे गेला?

इंग्रजीच्या तासाला ‘व्हॉइस’ बदलण्याचा पाठ आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘राम ईट्स अ मँगो’ हे वाक्य फळ्यावर लिहावयाचे, कर्म उचलून आरंभी ठेवावयाचे, ‘टु बी’चे योग्य रूप व क्रियापदाचे तिसरे रूप जोडावयाचे आणि कर्त्याला ‘बाय’ लावून शेवटी बसवावयाचे. विद्यार्थी हे यंत्रवत् करतो व गुणही मिळवितो. परंतु वाक्य फिरवावयाचे कशासाठी, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

मराठी विद्यार्थ्याची अडचण आणखी निराळी आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठीत कर्मणी प्रयोग होय. पोळी आली की ‘खाल्ली’, आंबे आले की ‘खाल्ले’. इंग्रजीत मात्र या वाक्याचे भाषांतर ‘राम एट अ मँगो’ असे ॲक्टिव्हच होते. म्हणून पॅसिव्ह म्हणजे कर्मणी, हे समीकरण फसवे आहे. मराठी कर्मणीत राम तृतीयेत का होईना, आपल्या जागी उभा असतो. इंग्रजी पॅसिव्हमध्ये तो शेवटी जातो आणि तेथून गळला तरी वाक्य पूर्णच राहते. खरे महत्त्व आहे ते या गळतीला.

कर्ता अज्ञात असेल किंवा गौण असेल, तर ही सोय उपयुक्तच ठरते. चोर सापडला नसेल तर ‘घर फोडले गेले’ एवढेच म्हणावे लागते. जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ च्या एका प्रसिद्ध निबंधात पॅसिव्ह शक्य तेथे टाळण्याचा नियम सांगितला. पण लेखक पॅसिव्हचा अतिरेक करतात ही तक्रार त्याने ज्या वाक्यात मांडली, ते वाक्यही पॅसिव्हच आहे! तेव्हा दोष प्रयोगाचा नसून हेतूचा असतो. जानेवारी १९८७ मध्ये इराण प्रकरणाविषयी अमेरिकन काँग्रेसपुढे बोलताना अध्यक्ष रेगन यांनी जोखीम पत्करल्याचे ‘मी’ म्हणून सांगितले, संपूर्ण जबाबदारीही घेतली. गंभीर चुकांचा उल्लेख मात्र पॅसिव्हमध्ये केला. जोखमीला कर्ता होता, चुकांना नव्हता.

आपल्या कचेऱ्यांतील ‘करण्यात आले आहे’ हे याच कुळातले. ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे’ असे पत्र हाती पडलेल्या नागरिकाला निर्णय कळतो, निर्णय घेणारा कळत नाही; मग दाद मागावी कोणाकडे? माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने या प्रश्नाची दखल घेतली आहे. माहिती नाकारताना नाकारण्याचे कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करावयाचे, हे अर्जदारास कळविणे त्यात बंधनकारक आहे. म्हणजे वाक्याने लपविलेले माणूस कायद्याला पुन्हा पुढे आणावे लागले.

मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाकडे नेहमीच दोष जात नाही. वरून आलेला नमुनाच तो उतरवीत असतो. सुधारणेचा आरंभ वर्गातच व्हावयास हवा. वाक्य फिरवून झाल्यावर शिक्षकाने आणखी एकच प्रश्न विचारावा: यातला कर्ता कोठे गेला, आणि त्याला कोणी व का घालविले? हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, तो इंग्रजी तर शिकेलच. शिवाय हाती आलेला प्रत्येक सरकारी कागद डोळे उघडे ठेवून वाचील.