मानसिक आजाराचा इलाज नीट चाललाय का, हे कसं ओळखायचं?

घरातल्या मोठ्या माणसाला जिल्हा रुग्णालयातून गोळ्या सुरू झाल्या की आपण निश्चिंत होतो. पण नुसत्या गोळ्यांवरून इलाज चांगला आहे की नाही, ते कळत नाही. डॉक्टर झोप, कामधंदा, घरातलं वागणं विचारतात का? औषधाचा त्रास काय होऊ शकतो, ते सांगतात का? तारीख चुकली तर कुणी फोन करतं का?

आम्ही तर रोज्याचा प्रश्न आधी विचारू. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर रक्तातली त्याची मात्रा धोकादायक वाढू शकते. रमजानच्या आधी हा विषय निघतच नसेल, तर तो इलाज आम्हाला अपुरा वाटतो.

दुआ जरूर करावी. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयस्थानात आग लागली, तेव्हा साखळ्यांमुळे पळता न आल्याने २८ रुग्ण जळून गेले. २०१७ च्या कायद्याने आता साखळीला बंदी आहे. रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्कही त्यातच आहे, बिनधास्त मागा.

दवाखान्यात जायला संकोच वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.