हैदराबादला मासळी पाठवायला कंपनी काढायची? आधी कराचं गणित समजून घ्या



गेल्या काही महिन्यांत संस्थेत एकच प्रश्न वारंवार येतोय. "आमची सुरमई, बांगडा हैदराबादला जातो. पैसा मधला व्यापारी खातो. मग आम्ही चार बोटमालकांनी मिळून एलएलपी काढली, तिकडे बेगमबाजारच्या बाजूला गाळा घेतला, तर टॅक्स किती लागेल? आणि दोन राज्यांचा दोनदा लागेल का?"

प्रश्न रास्त आहे. यूट्यूबवर बघून काही जण म्हणतात, "एलएलसीला टॅक्सच नसतो." ते अमेरिकेचं आहे. तिथे एलएलसीचा नफा साधारणपणे थेट मालकाच्या उत्पन्नात धरतात आणि तो कर भरतो. शिवाय काही राज्यं वेगळी पट्टी लावतात. कॅलिफोर्नियात धंदा करणाऱ्या एलएलसीला तर वर्षाला किमान ८०० डॉलर राज्याला द्यावे लागतात. आपल्याकडे तसं नाही. आपली एलएलपी २००८ च्या कायद्याने आली आणि ती स्वतः आयकर भरते.

पहिली गोष्ट: आयकर फक्त केंद्राचा

मासेमारीच्या उत्पन्नावरचा आयकर केंद्र सरकार घेतं. एलएलपीचं ऑफिस रायगडात असो की हैदराबादेत, दर एकच. दोन राज्यांत धंदा केला म्हणून आयकर दोनदा लागत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकू. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्यामुळे राज्याच्या सवलतींचा रस्ता मोकळा झाला, पण आयकर माफ झाला नाही. आयकर कायद्यात शेतीचं उत्पन्न म्हणजे जमिनीतून येणारं. दर्याची मासळी त्यात बसत नाही.

एलएलपीला किती लागतो?

नफ्यावर सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की अधिभार वेगळा. पण भागीदारांना करारात लिहून दिलेला पगार आणि भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज आधी वजा होतं. पगाराला मर्यादा आहे: पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के (किंवा ३ लाख, जे जास्त असेल ते) आणि पुढच्या नफ्यावर ६० टक्के. हा पगार फक्त कामात असलेल्या भागीदारालाच.

हिशेब करून बघू. चौघे कामात आहेत, नफा २० लाख.

करारात पगार लिहिलाच नाही, तर २० लाखांवर कर ६,२४,०००.

करारात लिहिला, तर ६ लाखांवर ५,४०,००० आणि उरलेल्या १४ लाखांवर ८,४०,०००, असा १३,८०,००० पगार वजा होतो. राहिले ६,२०,०००. त्यावर कर १,९३,४४०.

फरक ४,३०,५६० रुपयांचा, आणि तो एका कलमामुळे! प्रत्येकाच्या वाट्याला ३,४५,००० पगार येतो. नव्या करपद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत कर नाही, आणि एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून धंद्याच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. कर भरून उरलेला नफा भागीदारांत वाटला तर त्यावर पुन्हा कर नाही.

एक लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार-व्याज वर्षाला २०,००० च्या वर गेलं की एलएलपीला १० टक्के टीडीएस कापावाच लागतो. तो परत हवा असेल तर भागीदाराने स्वतःचं रिटर्न भरायचं.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तर?

कंपनीने सवलतीची २२ टक्क्यांची पद्धत निवडली तर अधिभार-उपकरासह २५.१६८ टक्के पडतो. दर कमी दिसतो. पण नफा लाभांश म्हणून घरी नेला की तो तुमच्या उत्पन्नात पुन्हा धरतात. नफा धंद्यातच ठेवून शीतगृह वाढवायचं असेल तर कंपनी परवडते. दरवर्षी वाटून घ्यायचा असेल तर दोन्ही बाजूंचा हिशेब मांडून बघा.

आणि आपली सहकारी संस्था?

मासळी पकडणं, सुकवणं, प्रक्रिया, साठवण, विक्री, तसंच सभासदांना पुरवण्यासाठी जाळी-साहित्य खरेदी या कामांतून मच्छीमार संस्थेला झालेल्या नफ्याला पूर्ण वजावट आहे. पण अट कडक आहे: पोटनियमांत मतदानाचा हक्क प्रत्यक्ष मासेमारी करणारे सभासद, कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्था आणि राज्य सरकार एवढ्यांपुरताच असला पाहिजे. रिटर्न मुदतीत भरलं नाही तर वजावट गेली. आणि संस्थेने २२ टक्क्यांची सवलतीची पद्धत निवडली तरीही ही वजावट सोडावी लागते.

म्हणजे हैदराबादची विक्री संस्थेमार्फत झाली तर कर शून्यापर्यंत येऊ शकतो. वेगळी एलएलपी काढण्याआधी हे सभेत बोलायला हवं.

राज्याचं काय काय लागतं?

व्यवसाय कर: महाराष्ट्रातही आहे, तेलंगणातही आहे. घटनेनुसार तो एका व्यक्तीवर वर्षाला २,५०० च्या वर जात नाही. हैदराबादच्या गाळ्यावर कामगार ठेवला आणि पगार महिना २०,००० च्या वर असेल, तर तेलंगणात महिन्याला २०० रुपये कापून भरायचे.

जीएसटी: ताजी, बर्फातली मासळी करमुक्त. फक्त तीच विकत असाल तर नोंदणीची गरज नाही. गोठवून पाकीटबंद केली, लेबल लावलं की ५ टक्के. असा करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. तेलंगणात गाळा घेऊन तिथून विकला तर तिथली वेगळी नोंदणी, आणि आपल्याच माणसाकडे इकडून तिकडे माल पाठवला तरी आयजीएसटी. त्याचं क्रेडिट मात्र मिळतं.

मुद्रांक शुल्क: एलएलपीच्या करारावर राज्याप्रमाणे. गाळ्याला महापालिकेचा व्यापार परवाना वेगळा.

डिझेल: यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. महाराष्ट्रात तो संस्थेमार्फत सभासदाच्या बोटीला परत मिळतो.

म्हणूनच कळकळीचं सांगणं: घाईत बोट एलएलपीच्या नावावर करू नका. व्हॅट परताव्याचं काय होईल, ते आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयाकडून लेखी घ्या. शिवाय बोट भांडवल म्हणून दिली तरी आयकराच्या नजरेत ते हस्तांतरणच, आणि वहीत जी किंमत लिहाल तीच विक्रीची किंमत धरतात. बोट स्वतःच्या नावावर ठेवून फक्त विक्रीचा धंदा एलएलपीत करता येतो.

आणखी एक. एकट्या बोटमालकाला २ कोटींपर्यंतच्या उलाढालीवर ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून सोप्या पद्धतीने रिटर्न भरता येतं. एलएलपीला ही सोय नाही. तिला वह्या ठेवाव्याच लागतात. उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की एलएलपी कायद्याने ऑडिटही लागतं. धंदा झाला नाही तरी ३० मे आणि ३० ऑक्टोबरचे फॉर्म चुकवायचे नाहीत, दंड चढत जातो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदललेत. म्हणून इथे क्रमांक दिले नाहीत. सीएकडे जाताना ही पोस्ट दाखवा आणि तीन प्रश्न विचारा: करारात पगाराचं कलम आहे का? बोट कुणाच्या नावावर राहणार? आणि हेच काम संस्थेतून झालं तर कर किती वाचेल?

उत्तरं मिळाल्यावरच सही करा. ज्यांच्या घरी हा विचार चाललाय त्यांना ही माहिती नक्की पाठवा.