मुलाचें शाळेंतील पहिलें वर्ष



जून महिन्यांत शाळा उघडल्या कीं पहिलीच्या वर्गाच्या दाराशीं दरवर्षीं तोच देखावा दिसतो. आंत गेलेलीं मुलें रडत असतात आणि बाहेर राहिलेल्या आया डोळे पुशीत असतात. ह्या रडण्याचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. आठपंधरा दिवसांत बहुतेक मुलें रुळतात. कसोटीचा काळ त्यानंतर, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास येतो. त्या वेळीं मूल मुकाट्यानें शाळेंत जातें, म्हणून सर्व सुरळीत चाललें आहे असें घरांतील मंडळी धरून चालतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत आईबाप व मूल ह्यांच्यांत गैरसमज वाढूं लागतो.

एक नेहमींची तक्रार घ्या. बाई सांगतात, मूल वर्गांत शहाण्यासारखें वागतें. तेंच मूल घरीं आल्याबरोबर दप्तर फेकतें, धाकट्या भावंडाला धपाटा घालतें आणि वरणभातावरून रडून गोंधळ करतें. आईला वाटतें, वाईट संगत लागली. आजी म्हणते, दृष्ट लागली. वस्तुतः त्या मुलानें चार-पांच तास फार मोठें काम केलेलें असतें. घरीं हांक मारतांच कोणी तरी 'ओ' देतें. येथें एका बाईंच्या वाट्याला पुष्कळ मुलें. (३० मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें ठरविलें आहे, पण ३० म्हणजे सुद्धां कांहीं थोडीं नव्हेत.) तहान लागली तरी विचारून उठावयाचें, आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचें, दुसऱ्यानें खडू घेतला तर न मारतां परत मागावयाचा, हा सारा संयम सहा वर्षांच्या जिवाला नवा असतो. दिवसभर धरून ठेवलेला तो संयम घराच्या उंबरठ्यावर सुटतो, कारण येथें आपल्याला कोणी टाकणार नाहीं अशी त्याची खात्री असते. अशा वेळीं पहिला अर्धा तास त्याला कांहीं विचारूं नये. हातपाय धुवून खावयास द्यावें आणि मग हुंदडूं द्यावें.

"आज काय शिकविलें?" ह्या प्रश्नाला "कांहीं नाहीं" असें जें उत्तर मिळतें, त्यांतही लबाडी नसते. प्रश्नच इतका पसरट असतो, कीं सबंध दिवसांतून कोठला धागा उचलावा हें मुलाला उमगत नाहीं. डबा कोणाशेजारीं बसून खाल्ला, पाऊस आला तेव्हां खिडक्या कोणीं लावल्या, असें नेमकें विचारून पाहावें. उत्तर मिळेल, आणि बहुधा न विचारलेलेंही पुष्कळ कानांवर येईल.

आतां लिहिण्याकडे वळूं; कारण पहिल्या वर्षांतील बहुतेक अश्रू वहीच्या पानावर सांडतात. आपली बाळबोध लिपि सोपी, जसें बोलावें तसें लिहावें, असें आपण अभिमानानें म्हणतों. मुलाच्या बाजूनें पाहिलें तर ती तितकी सोपी नाहीं. 'कि' म्हणतांना कानाला आधीं 'क' ऐकूं येतो, पण हाताला आधीं वेलांटी काढावी लागते. 'सूर्य' म्हणतांना 'र' आधीं येतो, आणि लिहितांना तो 'य'च्या डोक्यावर जाऊन बसतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' ह्यांतील भेद एवढ्याशा रेघेचा किंवा गांठीचा. वाटी उजवीकडे फिरवा कीं डावीकडे, ती वाटीच राहते, हें मूल आजवर शिकत आलें. अक्षराचें मात्र तोंड फिरलें कीं तें चुकलें! पांच ते सात वर्षांच्या मुलानें कांहीं अक्षरें आरशांत दिसावीं तशीं उलटीं काढलीं, तर त्यावरून त्याच्या बुद्धीविषयीं शंका घेऊं नये. ह्या वयांत हें सर्रास घडतें.

शिवाय हाताचाही विचार केला पाहिजे. मनगटांत आठ लहान हाडें असतात. जन्मवेळीं तीं कूर्चेचीं असतात आणि पुढें एकेक करून टणक होतात. सहाव्या वर्षीं हें काम चालूच असतें. शेवटच्या हाडाला आरंभ व्हावयास बहुधा आठवें वर्ष उलटतें. अशा हाताकडून रोज चार-चार पानें लिहून घेतलीं, तर पेन्सिल मुठींत आवळली जाते, कागद फाटतो, आणि मूल वहीलाच वैरी मानूं लागतें. शेंगा सोलणें, कणकेचे गोळे करणें, रांगोळीचे ठिपके मांडणें, पोळ्याला मातीचे बैल करणें, ह्यांनीं बोटें जशीं तयार होतात तशीं गिरविण्यानें होत नाहींत. शिकवणी लावण्यापेक्षां ह्यांत खर्चही कमी.

तिसरी गोष्ट बोलीची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत दुर्लक्षिलेली आहे. घरीं 'पानी' म्हणणारें मूल वर्गांतही 'पानी' म्हणालें आणि चार जण हंसले, तर तें पुढें कित्येक दिवस तोंड उघडीत नाहीं. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या घरांतील मुलाला पुस्तकी मराठी ही जवळजवळ दुसरी भाषाच असते. आदिवासी मुलाला तर ती बरीच दूरची. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्राचें काम सुरू केलें. पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणावरही गेली. साधनें म्हणजे पानें, बिया, खडे, शिंपले. 'अंगणवाडी' हा शब्द ताराबाईंच्याच कामांतून आला, आणि १९७५ सालीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळें देशभर गेला. मुलाला जें ओळखीचें आहे तेथून आरंभ करावयाचा, हा त्यांचा मार्ग घरांतही चालतो. घरच्या बोलींत त्याच्याशीं भरपूर बोलावें, गोष्ट सांगावी, त्याची गोष्ट पुरी होईपर्यंत ऐकावी. शब्दोशब्दीं दुरुस्ती करीत बसूं नये. घरीं शंभर गोष्टी ऐकलेलें मूल 'पाणी' हा शब्द शाळेंत सहज उचलतें.

कित्येक घरांत मूल मागें पडेल ही धास्ती असते, आणि त्या धास्तीपोटीं मारही बसतो. पहिलींत नापास करून मागें ठेवण्याची मुभाच कायद्यांत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें ती पांचवी व आठवीपुरती दिली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही पूर्वप्राथमिकचीं तीन वर्षें आणि पहिली-दुसरी मिळून पांच वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. तेव्हां वाचन दिवाळीपर्यंत आलेंच पाहिजे, हा हट्ट घरांतलाच. शाळेंत मुलाला मारणें किंवा त्याचा मानसिक छळ करणें २००९ च्या कायद्याच्या सतराव्या कलमानें निषिद्ध केलें. स्वयंपाकघरापर्यंत तें कलम पोंचत नाहीं, एवढेंच.

कांहीं बाबतींत मात्र वाट पाहूं नये. मूल वही नाकाशीं धरीत असेल, फळ्यावरचें शेजाऱ्याच्या वहींतून उतरवीत असेल, किंवा पाठीमागून मारलेली हांक त्याला वारंवार ऐकूं येत नसेल, तर डोळे व कान लगेच तपासून घ्यावे. आळशी ठरलेल्या मुलाला नुसता चष्मा हवा होता, असें निघणें दुर्मिळ नाहीं.

बाईंना भेटावयास वर्षांतून दोनदां तरी जावें. एकदां दिवाळीच्या सुटीपूर्वीं आणि एकदां संक्रांतीनंतर. मुलाला त्या वेळीं बाजूला खेळावयास पाठवावें, त्याच्या देखत त्याच्या चुका मोजूं नयेत. किती पानें लिहितो हें विचारण्यापूर्वीं, मधल्या सुटींत तो कोणाबरोबर खेळतो आणि वर्गांत आपणहून बोलतो कीं नाहीं, हें विचारावें. आणि घरीं तो आपल्या बाईंविषयीं काय काय सांगतो, तें त्यांच्याही कानांवर घालावें.