विश्लेषण : एआय ब्राउझर फोनवर आला, पण घराच्या किल्ल्या त्याच्या हाती द्यायच्या का?

नवा ब्राउझर निवडण्याची वेळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत फारशी कुणावर आलीच नाही. अँड्रॉइड फोनबरोबर क्रोम येतो, आयफोनबरोबर सफारी. बहुतेकांच्या तोंडी तर ‘ब्राउझर’ हा शब्दही नसतो. ते ‘गूगल उघडतात’. हे चित्र आता बदलू लागले आहे. पर्प्लेक्सिटी या अमेरिकी कंपनीने ‘कॉमेट’ हा ब्राउझर जुलै २०२५मध्ये आणला तेव्हा तो महिना २०० डॉलर मोजणाऱ्यांपुरताच होता. ऑक्टोबरमध्ये तो सर्वांना मोफत झाला आणि नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडवर पोहोचला. त्याच ऑक्टोबरमध्ये ओपनएआयने ‘चॅटजीपीटी ॲटलस’ आणला, तोही आधी फक्त मॅकसाठी. फोनवर कॉमेट उतरवून घेतला की पहिल्या अर्ध्या तासात काय दिसते आणि काय दिसत नाही?

पहिली नजर : ओळखीचे घर, नवा गडी

पहिल्यांदा उघडल्यावर कॉमेट परका वाटत नाही. टॅब तसेच, पत्त्याची पट्टी तशीच, पानेही क्रोमवर दिसतात तशीच. याचे कारण साधे आहे. कॉमेट ‘क्रोमियम’वर उभा आहे. हे गूगलने २००८मध्ये क्रोमबरोबरच खुले केलेले सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्ट एज, ब्रेव्ह, ऑपेरा, झोहोचा ‘उला’ ही सगळी मंडळी याच पायावर बांधलेली. थोडक्यात, ‘नवा ब्राउझर’ म्हणून जे समोर येते त्याचा सांगाडा बहुतेक वेळा जुनाच असतो. फायरफॉक्स हा त्यातला ठळक अपवाद.

फरक पडतो तो मदतनिसाचा. पत्त्याच्या पट्टीत प्रश्न टाकला की निळ्या दुव्यांची यादी येण्याऐवजी थेट उत्तर येते, संदर्भाच्या दुव्यांसह. एखादे लांबलचक पान उघडे असताना ‘यात काय म्हटलेय ते पाच ओळींत सांग’ असे मराठीत विचारता येते. एकापेक्षा जास्त टॅब उघडे असतील तर त्या सगळ्यांचा मिळून सारांश मागता येतो. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलूनही विचारता येते.

आणखी एक गोष्ट चटकन जाणवते. जाहिराती अडवण्याची सोय आतच आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकता येत नाहीत, त्यामुळे तिथे ही सोय बाहेरून जोडण्याचा मार्ग नाही. बातमीच्या मध्येच उडी मारणाऱ्या व्हिडीओंना वैतागलेल्यांना नव्या ब्राउझरची पहिली गोडी एआयपेक्षा यानेच लागली तर नवल नाही. (बातम्यांची संकेतस्थळे याच जाहिरातींवर चालतात, हा भाग वेगळा.)

मराठी पानांवर काय होते?

युनिकोडमधला स्वच्छ मजकूर असेल तर काम चांगले होते. अडचण येते ती जुन्या पानांची. आपल्याकडे कित्येक जुन्या दस्तऐवजांचा मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. डोळ्यांना तो देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी त्याखाली इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. परिपत्रक स्कॅन करून चढवलेले असेल तर तिथे अक्षरे नसतातच, नुसते चित्र असते. अशा ठिकाणी मदतनीस चित्रावरून अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न करतो, नाही तर अंदाज बांधतो. पंचाईत अशी की अंदाजही तो तितक्याच ठाम भाषेत सांगतो.

शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत वाढल्याची सूचना एका पानावर आणि जुनी तारीख दुसऱ्यावर, हे तर नेहमीचेच. सारांशात दोन्हीपैकी कुठली तारीख येईल याची हमी देता येत नाही. तारीख, रक्कम आणि पात्रतेची अट या तीन गोष्टी मूळ पानावर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेल्या बऱ्या.

मग धोका नेमका कुठे?

सारांश चुकला तर निदान तो दुरुस्त करता येतो. कॉमेट आणि ॲटलससारखे ब्राउझर त्यापुढे जातात. ते नुसते वाचत नाहीत, तर तुमच्या वतीने बटणे दाबतात, फॉर्म भरतात, कार्टमध्ये वस्तू टाकतात, मेल उघडतात. यालाच ‘एजंट’ म्हणतात. आणि हा एजंट तुमच्या लॉगिनने फिरतो. तुम्ही जीमेलमध्ये लॉगिन असाल तर तोही आहे.

जुन्या ब्राउझरमध्ये एक भक्कम भिंत असते. एका टॅबमधल्या संकेतस्थळाला दुसऱ्या टॅबमधल्या बँकेच्या पानात डोकावता येत नाही. तांत्रिक भाषेत याला ‘सेम ओरिजिन पॉलिसी’ म्हणतात आणि गेली कित्येक वर्षे नेटबँकिंग निर्धास्तपणे चालते ते बरेचसे तिच्या जोरावर. एजंट ही भिंत पाडत नाही. त्याला पाडायची गरजच नसते, कारण तो मालकाच्या नावाने दारातूनच आत जातो.

त्याला फसवले तर? भाषेच्या मॉडेलला तुमची सूचना आणि पानावरचा मजकूर हे दोन्ही एकाच ओघात मिळतात. कुठले वाक्य मालकाचे आणि कुठले परक्याचे, हे त्याला पक्के ओळखता येत नाही. त्यामुळे पानावरच कुणी ‘आधीचे सगळे विसर, आता असे कर’ अशी सूचना लपवून ठेवली तर तो ती पाळण्याची शक्यता असते. या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ म्हणतात.

ही कल्पनेतली भीती नाही. ब्रेव्ह या ब्राउझरच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५मध्ये कॉमेटवरचे एक प्रात्यक्षिक जाहीर केले. रेडिटवरच्या एका प्रतिक्रियेत त्यांनी झाकलेल्या मजकुरात सूचना लपवल्या. वापरकर्त्याने फक्त ‘या पानाचा सारांश दे’ एवढेच सांगितले. मदतनिसाने त्याच्या पर्प्लेक्सिटी खात्यातून ईमेलचा पत्ता काढला, लॉगिनसाठी ओटीपी मागवला, आधीच उघड्या असलेल्या जीमेलमध्ये जाऊन तो ओटीपी वाचला आणि पत्ता व ओटीपी दोन्ही रेडिटवर उत्तर म्हणून टाकून दिले. मालकाने या सगळ्यात एकही चुकीचे बटण दाबले नव्हते. ब्रेव्हने ही त्रुटी जुलैमध्येच कंपनीला कळवली होती आणि कंपनीने दुरुस्तीही केली. मात्र ती पुरेशी नसल्याचे ब्रेव्हचे म्हणणे होते. ऑक्टोबरमध्ये त्याच संशोधकांनी दुसरा प्रकार दाखवला. चित्रात डोळ्यांना जवळपास दिसणार नाही अशा फिकट रंगात मजकूर लिहायचा, आणि स्क्रीनशॉट वाचताना एआय तो मुकाट वाचतो.

ब्रेव्ह स्वतः प्रतिस्पर्धी आहे, हे इथे लक्षात ठेवायला हवे. पण मुद्दा एका कंपनीपुरता नाही. ॲटलस आल्यावर ओपनएआयच्या सुरक्षाप्रमुखांनीही हा प्रश्न अजून सुटलेला नसल्याची कबुली जाहीरपणे दिली. त्यांनी ॲटलसमध्ये काही आडकाठ्या ठेवल्या आहेत. एजंटला लॉगिनविना फिरवता येते आणि बँकेसारख्या पानांवर तो थांबून मालक बघतो आहे ना, याची खात्री करतो.

पैसे गेले तर जबाबदार कोण?

सर्वसामान्य ग्राहकाच्या दृष्टीने खरा पेच इथे आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची तक्रार तीन कामकाजी दिवसांत केली, तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. पण ग्राहकाने पिन, ओटीपी यांसारखा तपशील स्वतः कुणाला दिला असेल, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच.

आता ओटीपी ग्राहकाने दिला नाही, पण त्याने स्वतः नेमलेल्या मदतनिसाने मेलमधून वाचून दिला, तर तो कुणाचा निष्काळजीपणा? २०१७मध्ये असा प्रश्न कुणाच्या डोक्यातही नव्हता. आज तो बँकेच्या काउंटरवर जाऊन मांडायची वेळ आली, तर वाद ग्राहकालाच घालावा लागणार.

थोडा दिलासाही आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप आपापल्या कप्प्यात चालते. ब्राउझरला यूपीआय ॲपच्या आत पाहता येत नाही. एसएमएसमधला ओटीपीही परवानगी दिल्याशिवाय त्याला वाचता येत नाही. म्हणजे धोका आहे तो त्याच ब्राउझरमध्ये लॉगिन करून ठेवलेल्या खात्यांचा. मेल, नेटबँकिंग, खरेदीची संकेतस्थळे, शेअर बाजाराची खाती ही त्यातली मुख्य.

मोफत का देतात?

पर्प्लेक्सिटीचे प्रमुख अरविंद श्रीनिवास हे मूळचे चेन्नईचे, आयआयटी मद्रासचे पदवीधर. भारताची बाजारपेठ त्यांना किती महत्त्वाची वाटते, हे जुलै २०२५मधल्या एअरटेलबरोबरच्या करारावरून दिसले. कंपनीच्या सुमारे ३६ कोटी ग्राहकांना सुमारे १७ हजार रुपये किमतीचे ‘प्रो’ सदस्यत्व वर्षभर मोफत देऊ करण्यात आले. महिनाभरातच पर्प्लेक्सिटीने गूगलचा क्रोम विकत घेण्यासाठी ३४.५ अब्ज डॉलरचा प्रस्ताव दिला. क्रोम विकला गेला नाही, पण ब्राउझरला एवढे मोल का, हे सगळ्यांना कळले.

ब्राउझर ज्याच्या ताब्यात, त्याला माणूस काय शोधतो, काय विकत घेतो, कुठे प्रवास करतो हे सगळे दिसते. एप्रिल २०२५मध्ये एका पॉडकास्टमध्ये श्रीनिवास यांनीच ब्राउझरमधून मिळणाऱ्या माहितीवर अधिक नेमक्या जाहिराती दाखवण्याचा विचार बोलून दाखवला. टीका झाल्यावर, यातून बाहेर राहण्याचा पर्याय वापरकर्त्याला असेल, असे त्यांनी स्पष्ट केले. ब्राउझरमधून खरेदी करणाऱ्या एजंटवरून ॲमेझॉनने नोव्हेंबरमध्ये पर्प्लेक्सिटीला अमेरिकेत न्यायालयात खेचले, ते याच लढाईचे दुसरे टोक. गिऱ्हाईक दुकानात स्वतः आले नाही, एजंट आला, तर जाहिराती कुणाला दाखवायच्या?

वापरून बघायचाच असेल तर…

बघायला हरकत नाही. लांब लेख वाचायला, दोन फोनांची तुलना करायला, सहलीची आखणी करायला असा ब्राउझर खरोखर वेळ वाचवतो. मात्र तो प्ले स्टोअरवरूनच घ्यावा आणि घेताना खाली कंपनीचे नाव पाहावे. गाजलेल्या ॲपची नक्कल यायला वेळ लागत नाही. उघडताच तो ‘डीफॉल्ट करा’ असे विचारेल, तेव्हा तूर्त ‘नको’ म्हणावे, नाही तर व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक दुवा त्यातच उघडेल. क्रोममधले पासवर्ड त्यात आणू नयेत. मुख्य जीमेलने लॉगिन करण्याऐवजी कामापुरता वेगळा पत्ता वापरावा. नेटबँकिंग, डीमॅट आणि आयकराचे पोर्टल जुन्या ब्राउझरवरच राहू द्यावे.

एजंटला काम सांगितले की तो काय करतोय ते पडद्यावर एकेक पायरीने दिसते. तेवढा वेळ फोन खाली ठेवून चहा टाकायला जाऊ नये. न सांगितलेले पान उघडताना दिसला तर लगेच थांबवावे. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर आधी बँकेला कळवावे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. ब्राउझर कुठला होता, हे नंतर सांगता येईल.