चार पायांचं घर (लेखांक 9) : घशाखाली उतरेना

मागच्या आठवड्यात दातांविषयी लिहिताना ओझरतं म्हटलं होतं की चावता न येणं आणि गिळता न येणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्या दुखण्याची ओळख मला आमच्या बंड्यानं करून दिली.

बंड्या आमचा गावठी कुत्रा. तेव्हा नऊ वर्षांचा होता. जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटांनी तो मान खाली घालायचा आणि भात-चिकन जसंच्या तसं फरशीवर यायचं. पोट ढवळणं नाही, ओकारीचा आवाज नाही. आलेलं सगळं लांबट, नळकांड्यात भरून काढल्यासारखं. आणि पुढच्याच क्षणी तो तेच परत खायला बघायचा, कारण भूक शाबूत होती.

आई म्हणाली, "पोट बिघडलंय त्याचं, ताकभात घाल." शेजारच्या काकूंनी तूप-हळद सुचवली. सोसायटीच्या वॉचमनला पेजेची खात्री होती. पहिल्या डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि तीन दिवस गोळ्या दिल्या. मी सगळ्यांचं ऐकलं. तीन आठवड्यांत बंड्या 22 किलोंवरून 18 वर आला. त्याला काय घालायचं याचाच विचार आम्ही सगळे करत होतो. कसं घालायचं हा प्रश्न कुणाला सुचलाच नाही, मलाही नाही.

मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन शब्द आहेत, आणि ते प्रत्येक बाळंतिणीच्या घरात रोज वापरात असतात : ओकारी आणि गुळणी. ओकारी पोटातून येते. आधी लाळ सुटते, अस्वस्थता येते, पोटाचे स्नायू आवळतात, पिवळं पित्तही येतं. बाळ दूध पिऊन गुळणी टाकतं तेव्हा यातलं काही होत नाही, तोंडातून दूध नुसतं ओघळतं. कुत्र्याची गुळणीही तशीच. अन्न जठरापर्यंत पोचलेलंच नसतं, त्यामुळे पचलेलंही नसतं. फरक कळत नसेल तर वर्णन करत बसू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या डॉक्टरांनी माझा वीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिला आणि थेट छातीचा एक्स-रे काढायला सांगितला.

एक्स-रेमध्ये अन्ननलिका फुगून रुंद झालेली, हवेनं भरलेली दिसत होती. या दुखण्याला मेगाइसोफेगस म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "इलॅस्टिक गेलेला पायमोजा बघितलाय ना? तसं झालंय."

आपण घास गिळतो तेव्हा तो वजनानं खाली पडत नाही. अन्ननलिकेच्या स्नायूंची लाट त्याला ढकलत नेते. म्हणून तर गाय जमिनीवरच्या हौदातलं पाणी मान खाली घालून पिते आणि ते चढावरून वर जातं. कुत्र्याचं तर सगळं जेवणच असं चालतं : तोंड जमिनीशी, छाती आडवी. लाट थांबली की घास त्या आडव्या नळीत पडून राहतो, साचतो आणि कधीतरी उलटा येतो. आणखी एक गोष्ट आहे. माणसाच्या अन्ननलिकेचा खालचा भाग आपोआप चालणाऱ्या, गुळगुळीत स्नायूंचा असतो. कुत्र्याची मात्र संपूर्ण अन्ननलिका हातापायांसारख्या स्नायूंची असते. म्हणून माणसांची काही नेहमीची औषधं तिथे चालत नाहीत. मेटोक्लोप्रमाइड, म्हणजे उलटीवरची आपली ओळखीची गोळी, कुत्र्याच्या अन्ननलिकेला हलवू शकत नाही. उलट जठराच्या तोंडाची झडप ती आणखी आवळते. बंड्याला तीन दिवस नेमकं तेच चाललं होतं.

हे कशामुळे होतं, याची यादी लांबलचक आहे. काही पिल्लं जन्मतःच असा दोष घेऊन येतात. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, आयरिश सेटर या जातींत तो जास्त दिसतो आणि आईचं दूध सुटून घट्ट अन्न सुरू झालं की उघड होतो. काहींच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी अन्ननलिकेभोवती कड्यासारखी अडकलेली असते, ते शस्त्रक्रियेनं सोडवता येतं. मोठ्या कुत्र्यांत मायस्थेनिया ग्रेव्हिस असू शकतो. त्यात शरीराच्याच प्रतिपिंडांमुळे नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोचत नाही. त्याची रक्ततपासणी आहे, औषधही आहे, म्हणून ती तपासणी टाळू नका. आपल्याकडे आणखी एक संशयित लक्षात ठेवायला हवा : स्पायरोसर्का नावाचा जंत. तो शेणकिड्यांतून कुत्र्याच्या पोटात जातो आणि अन्ननलिकेच्या भिंतीत गाठी करतो. शेणकिडे खाल्लेल्या पाली आणि पक्षी खाऊनही तो येतो. मोकळं फिरणाऱ्या कुत्र्याला गिळायला त्रास होऊ लागला तर डॉक्टरांना या जंताचं नाव घेऊन विचारा. नेहमीच्या जंताच्या गोळीला तो दाद देत नाही. बंड्याच्या बाबतीत सगळं तपासून झालं आणि कारण सापडलं नाही. असंही पुष्कळदा होतं.

इथे एक गोष्ट थांबून सांगायलाच हवी. कुत्र्याला अचानक गिळता येईना, लाळ गळू लागली, खालचा जबडा लोंबला, तर घरातलं कुणीतरी "हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालतं. तो हात घालू नका. रेबीज अशाच रूपात येऊ शकतो, भुंकणं-चावणं काही नसताना, आणि लाळेतून तो पसरतो. लसीकरण न झालेल्या किंवा त्याची नोंद नसलेल्या कुत्र्याबाबत आधी हाच संशय घ्यायचा. लाळ जखमेला किंवा ओठ-डोळ्यांना लागली असेल तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं (डोळे आणि तोंड नुसत्या पाण्यानं) आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हाड खरंच अडकलेलं असू शकतं, पण ते एक्स-रेमध्ये बघू दे.

मेगाइसोफेगसचा खरा धोका उपासमारीचा नसून न्यूमोनियाचा आहे. गुळणी येताना अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत उतरतो आणि फुप्फुसात संसर्ग होतो. यातली बरीच कुत्री त्यानंच जातात.

उपाय डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितला : "त्याला बसवून जेवू घाला, आणि जेवणानंतर वीस ते तीस मिनिटं तसाच बसवून ठेवा." लाट थांबली आहे, तर उतार द्या. अन्ननलिका उभी झाली की घास आपल्या वजनानं खाली जातो. बाळाला पाजून झाल्यावर खांद्याला लावून पाठ थोपटणारी कुठलीही आजी हे जाणते. मला मात्र एक्स-रे बघितल्यावर कळलं.

बाजारात कुत्र्यांसाठी उंच स्टँडवरची भांडी मिळतात. मी लगेच एक घेतलं. ते इथे फारसं उपयोगी नाही. त्यानं मान वर होते, छाती आडवीच राहते. पुढचे पाय जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या वर ठेवून खायला लावलं तर थोडा उतार मिळतो, पण अर्धा तास त्या अवस्थेत कोण उभं राहणार? लहान कुत्र्याला मांडीवर उभं धरता येतं. बंड्यासारख्याला खुर्ची लागते.

या खुर्चीला जगभर बेली चेअर म्हणतात. बेली नावाच्या एका अमेरिकन कुत्र्याला हाच आजार होता, त्याच्या घरच्यांनी ती त्याच्यासाठी बनवली. दिसायला लहान मुलांच्या उंच खुर्चीसारखी : तीन बाजूंनी बंद उभी पेटी, समोर ट्रे, आत कुत्रा बुडावर बसतो, पाठ मागच्या फळीला टेकलेली, पुढचे पंजे ट्रेवर. आमच्या सुतारकाकांना मी मोबाइलवर चित्र दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, देव्हारा करायचाय की काय?" तरी त्यांनी माप मात्र शिंप्यासारखं घेतलं : बसलेल्या कुत्र्याची बुडापासून छातीपर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी, पाठीपासून छातीपर्यंतची खोली. 12 मिलिमीटर प्लाय, आत फोम आणि त्यावर रेक्झिन, कारण सांडलेलं पुसता यायला हवं. मागच्या फळीत शेपटीसाठी खाच. पेटी जरा घट्टच हवी. सैल असली की कुत्रा घसरून बसतो, पाठीला बाक येतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. ताटली हनुवटीच्या उंचीला. ती खाली असली की मान खाली वाकते.

बंड्या पहिल्या दिवशी आत शिरेना. चार दिवस नुसतं आत बसला की चिकनचा एक तुकडा, बाकी काही नाही. आठव्या दिवसापासून तो जेवणाच्या वेळी स्वतः जाऊन खुर्चीसमोर उभा राहू लागला. उरलेल्या वीस मिनिटांत मी पेपर वाचते. तो कंटाळला की माझ्या शब्दकोड्यावर पंजा मारतो.

अन्न किती पातळ हवं याचं एकच उत्तर नाही. काही कुत्र्यांना इडलीच्या पिठाइतकं सरसरीत मानवतं, काहींना न चावता गिळता येतील असे सुपारीएवढे गोळे. पातळ अन्न लवकर उतरतं, पण फुप्फुसात जायचंही तेच सोपं. गोळे नळीला थोडं चाळवतात, असा काहींचा अनुभव. एक प्रकार चार-पाच दिवस द्यायचा, गुळण्या मोजायच्या, मग दुसरा. आम्ही भिंतीवरच्या कालनिर्णयवर रेघा मारत होतो. बंड्याला पिठल्याएवढं घट्ट मानवलं : भिजवलेले दाणे, उकडलेलं बिनहाडाचं चिकन, भोपळा, सगळं मिक्सरमधून एकजीव. पातळ करताना पाणी वाढतं आणि पोषण तेवढंच राहतं, हे विसरायचं नाही. 20 किलोंच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण 660 किलोकॅलरी लागतात, हिंडण्याफिरण्यासकट हजाराच्या आसपास. ते तीन-चार जेवणांत वाटायचं. एका वेळी फार भरलं की परत येतं.

पाणी अन्नापेक्षा अवघड निघालं. जमिनीवरचं पाण्याचं भांडं उचलावं लागलं, कारण उन्हाळ्यात बंड्या तिथे जाऊन लपालपा प्यायचा आणि खोकत सुटायचा. त्यावर उपाय पाण्याच्या वड्यांचा. बिनवासाचं, बिनसाखरेचं जिलेटीन गरम पाण्यात विरघळवून, चवीला मीठ न घातलेलं चिकनचं पाणी मिसळून फ्रिजमध्ये ट्रेमध्ये लावायचं आणि खुर्चीत बसवून चौकोन भरवायचे. चायना ग्रास का नको? तेही घट्ट होतं, पण शरीराच्या उष्णतेला विरघळत नाही. जिलेटीन विरघळतं, मग पाणी पोटात सुटं होतं. आई शाकाहारी, जिलेटीन हाडांपासून होतं हे तिला कळल्यावर बंड्याचा डबा फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात गेला. तिथे तो अजून आहे. तयार, गोड, 'शुगर फ्री' जेलीची पाकिटं मात्र वापरू नका. त्यात झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे.

औषधाचं सांगते. काही कुत्र्यांच्या जठराच्या तोंडाशी असलेली झडप उघडतच नाही. तिथे सिल्डेनाफिल कामी येऊ शकतं, कारण ती झडप गुळगुळीत स्नायूची असते आणि हे औषध ती सैल करतं. 2022 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी मोजक्या कुत्र्यांना ते द्रवरूपात देऊन पाहिलं आणि गुळण्या कमी झाल्याचं नोंदवलं. सिल्डेनाफिल म्हणजे वियाग्रातलं औषध. केमिस्टच्या दुकानातल्या मुलानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, परत चिठ्ठी वाचली. मी म्हटलं, "कुत्र्यासाठी आहे." त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा, अंदाजानं नाही. कुठलीच गोळी कोरडी गिळवायची नाही, ती नळीत अडकून भाजल्यासारखी जखम करते. आणि काहीच जमलं नाही तर पोटात थेट नळी बसवून अन्न देता येतं. तोही पराभव नव्हे.

झोपतानाही मान थोडी वर हवी, म्हणून बंड्याच्या गादीखाली एक उशी असते. आणि रोज रात्री तो गाढ झोपला की मी त्याचे श्वास मोजते. छाती वर-खाली झाली की एक, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट. झोपलेल्या कुत्र्याचा आकडा तीसच्या आत असायला हवा. तो चढू लागला, किंवा खोकला, ताप, नाकातून घट्ट स्राव दिसला, तर सकाळची वाट बघायची नाही. गेल्या पावसाळ्यात एका रात्री तो 44 होता. आम्ही रिक्षात बसलो, बंड्याला मी मांडीवर उभा धरला होता आणि रिक्षावाले काका आरशातून बघत विचारत होते, "ताई, याला झोपवत का नाही?"

काल रात्री बावीस होता.

पुढच्या आठवड्यात : म्हातारपणी डोळे जातात तेव्हा घरातली टेबलं कुठे ठेवायची.