दातांच्या नोंदी आणि कायद्याची मुदत

चार-पाच वर्षांपूर्वी बसविलेल्या आपल्या इम्प्लांटचा स्क्रू सैल झाला आणि तो बसविणारा दवाखाना दरम्यान बंद पडला, तर नवा दंतवैद्य प्रथम विचारील, "इम्प्लांट कोणत्या कंपनीचे? माप काय?" एका कंपनीचा स्क्रू दुसरीच्या इम्प्लांटला सहसा बसत नाही. याचे उत्तर जुन्या नोंदीतच सापडते.

भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार दंतवैद्याने रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षे जपावयाच्या असतात. ही मुदत उपचार संपल्यापासून नव्हे, तर सुरू झाल्यापासून मोजली जाते. दात काढणे, हाड भरून येणे आणि अखेरीस कॅप बसविणे यांत वर्ष सरले, तर हाती दोनच वर्षे उरतात.

म्हणून उपचार पूर्ण होताच एक्स-रे, उपचारांचा सारांश आणि इम्प्लांटच्या वेष्टनावरील स्टिकर मागून घ्यावा. मागणी लेखी करावी व तारखेसह पोच घ्यावी. मुलगा किंवा सून जाणार असेल, तर आपल्या सहीचे अधिकारपत्र सोबत द्यावे. वैद्यकीय डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांत प्रती देण्यास ७२ तासांची मुदत आहे, हेही लक्षात असू द्यावे.

नोंदी जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्या परक्या हाती न पडणेही. त्या कागदांत मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी आणि फोन क्रमांकही असतो. संगणकावरील अशा माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला असून, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. माहिती फुटल्यास संबंधित रुग्णांना विनाविलंब कळवावे आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यावा, असे ते सांगतात. ही तरतूद प्रसिद्धीनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावयाची आहे. आपल्या पश्चात किंवा आपण असमर्थ झाल्यास हे हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याची सोयही या कायद्यात आहे.

तोवर सावधगिरी आपल्याच हाती आहे. आपल्या उपचारांचा अचूक उल्लेख करून कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवावा आणि दवाखान्यात स्वतः चौकशी करावी. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

आज एक जाड पाकीट घ्या, त्यावर 'दात' असे लिहा आणि ते घरच्यांना ठाऊक असलेल्या जागी ठेवा.