वीज वाचवण्याची राष्ट्रीय धोरणे

देशातील ऊर्जाबचतीच्या धोरणाचा पाया म्हणजे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा. त्यानुसार १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी महाऊर्जा ही संस्था पाहते.

उद्योगांसाठी २०१२ मध्ये ‘पॅट’ योजना आली. सिमेंट, पोलाद, खत, कागद अशा वीज-इंधन खाणाऱ्या कारखान्यांना प्रत्येक टन उत्पादनामागे ऊर्जा किती कमी करायची, याचे उद्दिष्ट तिच्यात दिले गेले. उद्दिष्टापेक्षा जास्त बचत करणाऱ्याला प्रमाणपत्रे मिळत, मागे पडलेल्याला ती विकत घ्यावी लागत. बचतीलाच बाजारभाव मिळवून देणारी ही कल्पना खरोखर दाद देण्याजोगी आहे.

नगरपालिकांच्या वीजबिलात मोठा वाटा पाणीउपसा आणि पथदिव्यांचा असतो. ५ जानेवारी २०१५ पासून पथदिवे एलईडीवर नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. वसमत तालुक्यातील कुरुंद्यासारख्या गावातही वीजबिलाचा हा हिशेब तसाच लागू पडतो. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट घेते. त्या जागी २० वॅटचा एलईडी रोज ११ तास जळला, तर एका खांबामागे वर्षाला सुमारे १२० युनिट वाचतात. पंपाचे दुखणे मात्र लवकर दिसत नाही. वारंवार रिवाइंडिंग केलेली मोटार, अर्धवट बंद ठेवलेला व्हॉल्व्ह, गळकी जलवाहिनी यांत वीज मुकाट्याने वाया जाते. म्हणून ग्रामपंचायतीने दिवे बदलण्याआधी पंपाची तपासणी करून घ्यावी.